हरलेल्यांचा एकच देव

एकेश्वरवादाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन बाजू तयारच असतात. पहिली जुनी. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, त्या काळापासून सुशिक्षित मराठी घरांत एक समज मुरलेला आहे: झाडा-दगडांपासून अनेक देव, अनेक देवांपासून एक देव, अशी माणसाच्या बुद्धीची चढण आहे आणि ज्यू लोक ती सगळ्यांच्या आधी चढले. दुसरी बाजू अलीकडे जोरात आहे. जगातल्या धार्मिक रक्तपाताचं मूळ सिनाय पर्वतावर आहे, एकच देव खरा म्हटलं की दुसऱ्याचा खोटा ठरतो, आणि मग तलवार आलीच. या दोन बाजूंचं एकमेकींशी अजिबात पटत नाही, पण एक गोष्ट दोघीही न तपासता धरून चालतात. मोशे (मोझेस) डोंगरावर गेला, दहा आज्ञा घेऊन खाली आला आणि तेव्हापासून ज्यू एकेश्वरवादी झाले, हे दोघींनाही मान्य असतं.

तसं झालेलं नाही. गेल्या दीडशे वर्षांत जमिनीतून जे निघालं ते तर तसं सांगत नाहीच, पण खुद्द हिब्रू बायबलही, नीट वाचलं तर, तसं सांगत नाही. माझ्या मते हा विचार घडला तो इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, साधारण दोनशे वर्षांत. आधी अश्शूर आणि मग बाबेल अशा दोन साम्राज्यांच्या टाचेखाली सापडलेल्या यहूदा नावाच्या एका चिमुकल्या डोंगरी राज्यात तो घडला, आणि त्याला शेवटचा धक्का दिला तो पराभवाने. हे पटलं तर वरच्या दोन्ही बाजूंची पंचाईत होते.

आधी काय होतं ते पाहू. सिनायच्या ईशान्येकडच्या वाळवंटात कुंतिल्लेत अजरूद नावाचं ठिकाण आहे. इ.स.पू. ८००च्या सुमाराचा, तांड्यांच्या वाटेवरचा मुक्काम. १९७५-७६मध्ये झेएव मेशेल यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा मोठमोठ्या रांजणांचे तुकडे हाती आले. त्यांवर लाल शाईने चित्रं काढलेली: वासराला पाजणारी गाय, झाडाच्या दोन्ही अंगांना तोंड लावणारे रानबोकड, बसून वाद्य वाजवणारी एक व्यक्ती. आणि आशीर्वादाचा मजकूर. एका ठिकाणी आशीर्वाद दिलाय तो 'शोमरोनच्या याहवेच्या आणि त्याच्या अशेरेच्या' नावाने, दुसरीकडे 'तेमानच्या याहवेच्या आणि त्याच्या अशेरेच्या' नावाने. याहवे हे बायबलमधल्या इस्राएलच्या देवाचं नाव. शोमरोन म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी, तेमान म्हणजे दक्षिणेचा मुलूख. जेजुरीचा खंडोबा आणि पालीचा खंडोबा ठाऊक असलेल्या, त्याच्याबरोबर म्हाळसेचंही नाव घेणाऱ्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. नवल वाटलं ते रविवारच्या शाळेत वाढलेल्या पाश्चात्त्य वाचकांना. हेब्रोनजवळच्या खिरबेत एल-कोम इथल्या आठव्या शतकातल्या एका थडग्यातही उरियाहू नावाच्या माणसासाठी याहवे आणि अशेरा हीच जोडी आलेली आहे.

ही अशेरा म्हणजे देवी की देवीचा लाकडी खांब, यावर पंडितांत हाणामारी चालू आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. खांब झाला तरी तो देवीचाच.

ही देवी आली कुठून? सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे १९२९पासून उगारित हे प्राचीन शहर खणून काढलं गेलं आणि तिथल्या मातीच्या पाट्यांमधून कनानी देवांचं अख्खं कुटुंब समोर आलं. वडीलधारा एल, त्याची पत्नी अथिरात, म्हणजे हिब्रूतली अशेरा, आणि तिचे सत्तर पुत्र. आता बायबलमधल्या 'अनुवाद' (डीटरॉनॉमी) या ग्रंथाचा ३२वा अध्याय काढा. परात्पर देवाने राष्ट्रांची वाटणी केली तेव्हा याकोबाचं घराणं याहवेच्या वाट्याला आलं, असं तिथे म्हटलंय. वाटणी कोणत्या संख्येप्रमाणे झाली? रूढ हिब्रू पाठात आहे 'इस्राएलच्या पुत्रांच्या'. मृत समुद्राकाठच्या गुहेत सापडलेल्या कितीतरी जुन्या पोथीत मात्र आहे 'देवाच्या पुत्रांच्या'. प्रत्येक राष्ट्राला एक देवपुत्र, आणि याहवेला मिळालं ते इस्राएल. कुणा लेखनिकाला हे पुढे खटकलं आणि त्याने ओळ साफसूफ केली.

अशा जगात देव जमिनीशी बांधलेला असतो. बायबलच्या शास्ते ग्रंथात इस्राएलचा पुढारी इफ्ताह शत्रूच्या राजाला सरळ सुनावतो: तुझा देव कमोश तुला जे देईल ते तू घे, आमचा याहवे आम्हाला देईल ते आम्ही घेऊ. अरामचा सेनापती नामान इस्राएलच्या अलीशा या संदेष्ट्याकडे येऊन कुष्ठरोगातून बरा होतो आणि परत जाताना दोन खेचरांवर लादता येईल एवढी माती मागून घेतो. कशासाठी? दिमिष्कात याहवेची पूजा करायची तर पायाखाली इस्राएलची जमीन हवी. या कथा सांगणाऱ्यांना यात काही गैर वाटलेलं नाही.

मृत समुद्राच्या पूर्वेला मवाब हे शेजारचं राज्य. त्याच्या मेशा राजाचा शिलालेख १८६८ साली धिबान इथे सापडला, आज तो पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. काळ साधारण इ.स.पू. ८४०. मेशा म्हणतो: इस्राएलने मवाबला फार दिवस छळलं, कारण कमोश आपल्या भूमीवर रागावला होता. मग कमोश प्रसन्न झाला, मी त्याच्या आज्ञेने लढलो, नेबो गावातल्या सगळ्यांची त्याच्यासाठी कत्तल केली आणि याहवेची पात्रं ओढत आणून कमोशपुढे ठेवली. कमोशचं नाव पुसून याहवेचं लिहिलं तर हा मजकूर बायबलच्या कुठल्याही युद्धवर्णनात खपून जाईल. हा लेख लक्षात ठेवा, पुढे त्यावरून एक अडचणीचा प्रश्न उभा राहणार आहे.

थोडक्यात, नवव्या-आठव्या शतकात याहवे हा इस्राएल आणि यहूदाचा राष्ट्रदेव होता, पण तो एकटा नव्हता आणि एकाच देवळातही नव्हता. दक्षिणेकडच्या अराद किल्ल्यात त्याचं आणखी एक देऊळ होतं. तिथल्या दोन धूपवेद्यांवरच्या काजळीचं रासायनिक पृथक्करण २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. एकीवर ऊद, दुसरीवर गांजा. यरुशलेमच्या पुरोहितांनी याचा उल्लेख कुठे केलेला नाही, यात आश्चर्य नाही.

मग 'फक्त याहवे' हा आग्रह कुठून आला? उत्तरेत होशेयासारख्या संदेष्ट्यांचा एक गट आठव्या शतकात हे बोलत होता. गट लहान आणि चिडलेला, लोकांना बहुधा नकोसा. इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरने शोमरोन घेतलं, उत्तरेचं राज्य संपलं आणि तिकडचे निर्वासित, त्यांच्या कथा आणि त्यांचा संताप दक्षिणेत यरुशलेमला आला असं बरेच अभ्यासक मानतात. हिज्कीया राजाने देवळातला पितळी साप फोडला, गावोगावच्या टेकड्यांवरची पूजास्थानं बंद करायला घेतली. खरी साफसफाई झाली ती त्याच्या पणतवाच्या, योशीयाच्या काळात, इ.स.पू. ६२२मध्ये.

राजे ग्रंथाच्या दुसऱ्या भागातला २३वा अध्याय मी इतिहास म्हणून वाचतो तो पंचनाम्यासारखा. देवळातून काय काय बाहेर काढलं याची यादीच आहे ती. बआल या कनानी देवाची, अशेरेची आणि आकाशातल्या तारागणांची पात्रं. स्वतः अशेरा, जी किद्रोन ओढ्याकाठी जाळून तिची राख केली. सूर्याला वाहिलेले घोडे आणि रथ. आणि देवळाच्या आवारातल्या ज्या घरांत बायका अशेरेसाठी वस्त्रं विणत बसत, ती घरं. हे सगळं शत्रूच्या देवळात नव्हतं. शलमोनाने बांधलेल्या, याहवेच्या मुख्य देवळात होतं, आणि कित्येक पिढ्यांनी ते आपलंच मानलं होतं.

योशीयाला निमित्त मिळालं ते देवळाच्या दुरुस्तीत सापडलेल्या एका गुंडाळीचं. महायाजक हिल्कीयाने ती शाफान चिटणिसाकडे दिली, त्याने राजाला वाचून दाखवली, राजाने कपडे फाडले आणि खात्री करून घ्यायला माणसं हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे पाठवली. ही गुंडाळी म्हणजे अनुवाद ग्रंथाचा गाभा असावा, असं अभ्यासकांत दोनशे वर्षं मानलं जातं. या ग्रंथाची भाषा कुठून आली हे पाहण्यासारखं आहे. इ.स.पू. ६७२मध्ये अश्शूरच्या एसर-हद्दोनने आपल्या मांडलिकांकडून शपथ घेतली: माझ्या वारसावर, अशुरबनिपालवर, स्वतःवर करावं तसं प्रेम करा. तुमचा भाऊ, मुलगा, मुलगी त्याच्याविरुद्ध कुजबुजले तर दडवू नका. अनुवाद ग्रंथाच्या १३व्या अध्यायात हेच कलम आहे. तुझा भाऊ, मुलगा, मुलगी, बायको कानात येऊन म्हणाली की चल, दुसऱ्या देवांना भजू, तर तिला झाकू नकोस. एसर-हद्दोनच्या शपथपत्राची एक प्रत २००९मध्ये तुर्कस्तानातल्या तेल तायिनातच्या देवळात मिळाली, म्हणजे मांडलिकांच्या देवळांत त्या ठेवल्या जात. यहूदाही तेव्हा अश्शूरचा मांडलिकच होता.

यहूदाच्या लेखनिकांनी सम्राटाचं कलम उचललं आणि सम्राटाच्या जागी याहवेला बसवलं. हे धाडस मोठं होतं. पण हा अजून एकेश्वरवाद नव्हे. मांडलिकाला दुसरे राजे आहेत हे ठाऊक असतं, त्याने त्यांच्याकडे जायचं नसतं इतकंच. पहिली आज्ञाही माझ्यासमोर तुला दुसरे देव नसावेत असं म्हणते, दुसरे देव नाहीतच असं म्हणत नाही.

आणि मग योशीया मेला. इ.स.पू. ६०९मध्ये मगिद्दोला मिसरच्या (इजिप्तच्या) फौजेपुढे, देवाचं सगळं यथासांग करूनही. बावीस-तेवीस वर्षांनी, ५८६च्या सुमारास, बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जाळलं, देऊळ पाडलं, राजाचे डोळे काढून त्याला बाबेलला नेलं.

त्या काळच्या हिशेबाने निकाल स्पष्ट होता. बाबेलचा देव मर्दुक जिंकला, याहवे हरला. या निकालाला दोन वेगळी उत्तरं मिळाली आणि दोन्ही यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४४व्या अध्यायात समोरासमोर उभी आहेत. माझ्या दृष्टीने अख्ख्या बायबलमधला सर्वांत जिवंत वाद हाच. जागा मिसर, माणसं यहूदाचे निर्वासित. यिर्मया त्यांना म्हणतो, तुम्ही परक्या देवांना धूप जाळला म्हणून हे ओढवलं. बायका उसळून उत्तर देतात, आणि त्यांचे नवरेही त्यांच्या बाजूने उभे. त्या म्हणतात: आम्ही, आमचे वाडवडील, आमचे राजे आणि सरदार यरुशलेमच्या रस्त्यांवर आकाशराणीला धूप दाखवत होतो तेव्हा पोटभर भाकरी होती, सगळं सुखात होतं. ते बंद केलं त्या दिवसापासून हातचं सगळं गेलं, तलवारीने आणि दुष्काळाने आम्ही मरतोय. आणि तिच्यासाठी पोळ्या भाजत होतो त्या काय नवऱ्यांना न सांगता?

त्याच पुस्तकात आधी याच पूजेचं वर्णन आहे: पोरं लाकडं गोळा करतात, बाप जाळ करतात, आया कणीक मळतात. घरातलं व्रत होतं ते.

तर्काच्या दृष्टीने बायकांची बाजू यिर्मयापेक्षा लंगडी नाही. पूजा बहुधा योशीयाच्या मोहिमेत बंद झाली आणि संकटं त्यानंतरच आली, हा कालक्रम तर त्यांच्याच बाजूने बोलतो. म्हणून मला 'बुद्धीची चढण' ही कल्पना पटत नाही. यिर्मया जिंकला तो जास्त तर्कशुद्ध होता म्हणून नाही. त्याचं स्पष्टीकरण कुठल्याही पराभवात टिकणारं होतं म्हणून. आकाशराणी पुन्हा पूजली आणि तरीही दिवस पालटले नाहीत, तर बायकांचं म्हणणं तिथेच संपतं. यिर्मयाच्या मते मात्र नबुखद्नेस्सर हा याहवेचाच सेवक, त्यानेच धाडलेला. मग प्रत्येक जळकं घर याहवेच्या ताकदीचाच पुरावा ठरतं. पण त्यासाठी एक किंमत मोजावी लागते. बाबेलचा सम्राट याहवेच्या हुकमाने चालतो म्हटलं, की मर्दुकला काही कामच उरत नाही.

आता मेशाच्या शिळेवरून येणारा प्रश्न. आपला देव रागावला म्हणून आपण हरलो, ही युक्ती तर मवाबलाही ठाऊक होती. मग कमोश एकमेव देव का झाला नाही? याला माझं उत्तर असं. मेशा शिळा कोरतो ती जिंकल्यावर. राग आला, गेला, राज्य परत मिळालं, देवाला आणखी मोठं व्हायची गरज पडली नाही. यहूदाचा पराभव पुरता होता, आणि तो होईपर्यंत तिथे एक लिहिता वर्ग तयार झालेला होता, ज्याच्याजवळ गुंडाळ्या होत्या आणि राजाविना, देवळाविना वाचता येईल असा करार होता. शिवाय बाबेलने यहूदाच्या लोकांना विखरून न टाकता वस्त्यांत ठेवलं. त्यातल्या एका वस्तीचं नावच 'अल-याहुदु', यहूदाचं गाव. तिथल्या मातीच्या पाट्या २०१४मध्ये प्रसिद्ध झाल्या. जमिनी, जव, खंड, कर्ज असे रोजचे व्यवहार, आणि व्यवहार करणाऱ्यांच्या नावांत याहवेचं नाव गुंफलेलं. याच मुलखात खबार कालव्याकाठी यहेज्केल हा संदेष्टा देवाचं सिंहासन पाहतो, आणि त्या सिंहासनाला चाकं आहेत. नामानला खेचरांवरून माती न्यावी लागली होती. यहेज्केलचा देव स्वतःच देश सोडून बाबेलला येतो.

शेवटचं पाऊल टाकलं एका कवीने, ज्याचं नावही आपल्याकडे नाही. यशयाच्या पुस्तकातले ४० ते ५५ हे अध्याय त्याचे मानले जातात. इ.स.पू. ५३९मध्ये पारशी सम्राट कोरेशने बाबेल घेतलं. १८७९ साली बाबेलमध्ये मिळालेल्या आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या मातीच्या नळकांड्यावर मर्दुकच्या बाजूची कथा आहे: मर्दुकने सगळे देश धुंडाळले, कोरेशचा हात धरला, त्याचं नाव घेऊन त्याला जगाचा राजा केलं. ४५व्या अध्यायात आपला कवी तेच म्हणतो: याहवेने कोरेशचा उजवा हात धरला, त्याला नावाने हाक मारली, त्याला आपला अभिषिक्त केलं, जरी कोरेश त्याला ओळखत नव्हता तरी. एकच विजय, एकच माणूस, दोन दावेदार. मर्दुकच्या पुरोहितांकडे देऊळ होतं, वतनं होती, सम्राटाची मुद्रा होती. कवीकडे जळालेल्या गावाची आठवण होती. आणि तो लिहून जातो: मीच याहवे, दुसरा कुणी नाही, माझ्यावाचून देव नाही. इतक्या स्वच्छ शब्दांत, इतक्यांदा, हे बायबलमध्ये याआधी म्हटलेलं नाही.

याच कवीने मूर्तिकाराची टिंगलही केली: अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. साहित्य म्हणून झकास, पण अन्याय करणारं. बाबेलचे पुरोहित लाकडाला देव मानत नव्हते. मूर्तीचं 'मुख धुण्याचा' त्यांचा मोठा विधी होता. त्यात कारागिरांचे हात लाकडी तलवारीने लटकेच तोडले जात आणि ते शपथेवर सांगत की ही मूर्ती आम्ही घडवलेली नाही. कवीला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. हरलेल्याची जीभ तिखट असते, एवढाच त्याचा अर्थ.

उसनवारीच्या सिद्धांतांचं काय? सिग्मंड फ्रॉइडने १९३९च्या पुस्तकात मोशेला मिसरच्या अखेनातेन राजाचा अनुयायी ठरवलं. पण अखेनातेनचा सूर्यपंथ इ.स.पू. चौदाव्या शतकात त्याच्यामागोमाग संपला आणि मधल्या सात-आठशे वर्षांचा दुवा कुणालाच दाखवता आलेला नाही. जरथुष्ट्राच्या धर्माचा प्रभाव पुढे पडला असेल, देवदूत आणि सैतान यांच्या बाबतीत तर विशेष. पण पारशी सत्ता आली ५३९मध्ये आणि यिर्मया त्याआधीच बोलून गेलेला होता.

हा विचार एका रात्रीत सगळ्या ज्यूंचाही झाला नाही. मिसरमध्ये अस्वानजवळ एलेफन्टाइन बेटावर ज्यू शिपायांची छावणी होती. तिथे याहूचं, म्हणजे याहवेचंच, देऊळ होतं, ते ४१०मध्ये ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीने पाडलं गेलं. ४०७मध्ये या मंडळींनी देऊळ पुन्हा बांधू द्या म्हणून यहूदाच्या सुभेदाराला अर्ज केला आणि त्यात सांगितलं की यरुशलेमच्या महायाजकालाही आम्ही लिहिलं होतं, त्याने उत्तरच दिलं नाही. त्यांच्याच वर्गणीच्या यादीत याहूबरोबर अनात-बेथेल या देवीच्या नावेही रक्कम मांडलेली आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे, तलवारीकडे. अनुवाद ग्रंथातली वाक्यं भयंकर आहेत, ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. कनानी लोकांना नि:शेष करा असं तिथे लिहिलंय. पण लिहिणारे तेव्हा कुणालाही नि:शेष करण्याच्या स्थितीत नव्हते. मोशेचा वारस यहोशवा याने यरीहो आणि आय ही कनानी शहरं उद्ध्वस्त केली म्हणतात, तर कॅथलीन केनयन यांनी १९५०च्या दशकात यरीहो खणलं तेव्हा त्या काळी तिथे पाडण्याजोगी तटबंदीच नव्हती असं दिसलं. आयही तेव्हा ओसाड होतं. त्या ग्रंथाचा खरा मारा घरच्यांवर होता: विणणाऱ्या बायकांवर, गावच्या टेकडीवरच्या पुजाऱ्यावर. आणि पुष्कळ देव मानणारं अश्शूर कसं होतं? तिथल्या सन्हेरीब राजाने इ.स.पू. ७०१मध्ये यहूदाचं लाखीश शहर घेतलं, त्याची शिल्पं त्याने अभिमानाने आपल्या महालात लावली. त्यात खांबांवर खोचलेली माणसं आहेत.

याचा अर्थ एकेश्वरवाद निरुपद्रवी आहे असा नाही. दुसऱ्याचा देव शून्य आहे हे म्हणणं नवं होतं आणि ते सत्तेच्या हाती लागल्यावर काय होतं तेही दिसलं. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस योहानान हिर्कानस या ज्यू राज्यकर्त्याने दक्षिणेचा अदोम मुलूख जिंकला आणि तिथल्या लोकांना सांगितलं की सुंता करा, नाहीतर निघा. हे जोसिफस या ज्यू इतिहासकारानेच नोंदवलंय. पुढे इ.स. ३९१-९२मध्ये ख्रिस्ती रोमन सम्राट थिओडोसियसने रोममधले जुने यज्ञ कायद्याने बंद केले. दोन्ही वेळा फर्मान काढायला सिंहासन हाताशी होतं.

आणि सिंहासन नसताना? आपल्या कोकणात अलिबाग-पेण पट्ट्यात बेने इस्राएल लोक कित्येक शतकं राहिले. किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावांची आडनावं लावून. परंपरा सांगते की त्यांच्याकडे ग्रंथ उरले नव्हते. उरला होता शनिवार पाळणं, आठव्या दिवसाची सुंता, खवल्यांचेच मासे आणि 'शमा' ही एका देवाची प्रार्थना. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. आजूबाजूला म्हसोबा, मरीआई, गावदेवी. त्यांनी कुणाची मूर्ती फोडली नाही आणि गावानेही त्यांचा शनिवार मोडला नाही. हिर्कानसचा देव आणि या तेल्यांचा देव तोच आहे. रक्तपाताचं खापर सिनायवर फोडणाऱ्याने आधी एवढं सांगावं, की त्या देवाने अदोमात जे केलं ते किहीमला का केलं नाही.